मदत हवी आहे: धबधबा बघून कातळ वर सरकतो, हे मेंदूत नक्की कुठं होतं?

मंडळी, न्यूरोसायन्सवालं कुणी आहे का इथं? ठोसेघरला पडत्या पाण्याकडं एकटक बघून मग बाजूच्या कातळाकडं बघितलं की तो वर सरकतोय असं वाटतं, करून बघा कधी (रेलिंगच्या अलीकडूनच!). ह्युबेल आणि वीझेल, १९८१ चं नोबेलवाले, त्यांना मांजराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधे (मेंदूचा बघण्याचं काम करणारा भाग) अशा पेशी सापडल्या की रेघ एका दिशेनं सरकली की धडाधड सिग्नल देतात आणि उलटी सरकवली की गप्प. मग 'खाली' वाल्या पेशी बघून बघून थकतात आणि 'वर' वाल्यांचं पारडं जड होतं, इथपर्यंत कळलं. पण हे थकणं व्ही-वन मधे (व्हिज्युअल कॉर्टेक्सचा पहिला टप्पा) होतं का पुढं एमटी मधे (हालचाल टिपणारा पुढचा भाग), जिथल्या बहुतेक पेशी दिशेवरच चालतात? का दोन्हीकडं? एक डोळा झाकून पाणी बघितलं आणि नंतर दुसऱ्याच डोळ्यानं कातळ, तरी थोडं सरकतंच, म्हणजे एकटी रेटिना (डोळ्यातला पडदा) तर नाही ना? पण सशाच्या रेटिनातच दिशा ओळखणाऱ्या पेशी असतात, मग आपलं वेगळं का, इथं गाडी अडलीय. साताऱ्यात अकरावीच्या पोरांना शिकवायचंय, सोपं पण बरोबर सांगा, मराठीत व्हिडिओ असला तर लय बरं होईल.