५×५ गाउसियन: एफपीजीएवर चित्र सरकतंय आणि तिरकं होतंय

सायली_व्हीएलएसआय: झिंक ७०२० या एफपीजीए चिपवर (हिच्यातलं सर्किट आपणच ठरवतो) १९२०×१०८०, ६० फ्रेमचा ग्रेस्केल व्हिडिओ एचडीएमआयवरून घेऊन ५×५ गाउसियनमधून (शेजारच्या २५ पिक्सेलची भारित सरासरी घेऊन चित्र मऊ करणारा फिल्टर) काढायचाय. कोड एचएलएसमध्ये (सी/सी++ कोडवरून सर्किट बनवणारं साधन) आहे. दर क्लॉकला एक पिक्सेल निघत नाही, चित्र खाली-उजवीकडे सरकतं आणि मधूनच तिरकं होतं. पीएचडीच्या अर्जाला हेच काम जोडणार आहे, म्हणून उपायासोबत कारणही सांगा.

ओळसाठा: पूर्ण फ्रेम ब्लॉक रॅममध्ये (चिपवरची मेमरी) मावत नाही: लागतात १६.६ मेगाबिट, चिपवर आहेत ४.९. चारच ओळी साठवा, पाचवी येतेच आहे. १८ किलोबिटचा ब्लॉक २०४८×९ असा मांडला की एका ओळीला एक पुरतो. पण प्रत्येक ब्लॉकला पोर्ट दोनच. चारही ओळी एका मेमरीत असतील तर एका क्लॉकमध्ये चार वाचनं होणार कशी? ओळींच्या दिशेने अ‍ॅरे पूर्ण पार्टिशन करा (प्रत्येक ओळीला वेगळी मेमरी), ५×५ खिडकी रजिस्टरमध्ये ठेवा.

कोरचा (तुमच्या फिल्टरच्या सर्किटचा) क्लॉकही बघा. सेकंदाला १२.४४ कोटी पिक्सेल येतात, १०० मेगाहर्ट्झवर ते जमणारच नाही. पिक्सेल क्लॉकचेच १४८.५ द्या.

सायली_व्हीएलएसआय: २५ गुणाकारांना डीएसपी (चिपवरचे तयार गुणाकार-ब्लॉक) २२० पैकी किती जातील?

बिटमोजणी: एकही नाही. गाउसियनचे भार १-४-६-४-१ घ्या, उभं आणि आडवं वेगळं करा. ६x म्हणजे ४x + २x, सगळं शिफ्ट आणि बेरजेत होतं. क्रम मात्र महत्त्वाचा: आधी उभं. मग ओळींच्या साठ्यात मूळ ८ बिटच राहतात. आधी आडवं केलंत तर १२ बिट साठवावे लागतील आणि वरचा २०४८×९ चा हिशोब मोडेल. शेवटी १२८ मिळवून ८ बिट उजवीकडे सरकवा. १२८ विसरलात तर चित्र किंचित काळवंडतं.

ओळसाठा: सरकण्याचं कारण: खिडकीचा मध्य ताज्या पिक्सेलपेक्षा दोन ओळी आणि दोन पिक्सेल मागे असतो. लूप १९२२×१०८२ चालवा, पहिल्या दोन ओळी-स्तंभांत आउटपुट लिहू नका, शेवटच्या दोनांत इनपुट वाचू नका. ब्लँकिंगमध्ये (दोन ओळींमधला चित्राविना वेळ) ओळीमागे २८० क्लॉक मोकळे असतात, त्यात हे बसतं. टीयूझर (फ्रेमच्या सुरुवातीचा संकेत) आणि टीलास्ट (ओळीच्या शेवटाचा) आउटपुटच्या काउंटरवरून नव्याने काढा.

तिरकेपणा बहुधा पहिल्याच दोषातून, दर क्लॉकला पिक्सेल न निघण्यातून, येतोय. एचडीएमआय थांबत नाही. कोरने रेडी (पुढचा पिक्सेल घ्यायला तयार असल्याचा संकेत) खाली ओढला की इनपुट फिफो (रांगेत पिक्सेल धरणारा साठा) भरून पिक्सेल गळतात, ओळ आखूड होते. दर टीयूझरला काउंटर शून्य करा, म्हणजे बिघाड एका फ्रेमपुरता राहील. तपासायला पिक्सेल = स्तंभ क्रमांकाचे खालचे ८ बिट असं चित्र द्या; गळती कुठे झाली ते लगेच दिसतं.

बिटमोजणी: अर्जात नुसता वेग लिहू नका. एलयूटी (चिपवरचे लहान तर्क-ब्लॉक), ब्लॉक रॅम, राउटिंगनंतरची फ्रिक्वेन्सी आणि वॅट द्या, आणि प्रत्येक पिक्सेल बाहेरून एकदाच वाचून २५ आउटपुटांत वापरला जातो हे आकृतीने दाखवा. संगणकशास्त्रज्ञ एच. टी. कुंग यांच्या सिस्टोलिक रचनेमागचा (डेटा एका गणनाघटकातून पुढच्यात वाहत जातो अशी रचना) विचार हाच होता, परीक्षक तोच शोधतात.