शाळेत हॅलोवीन आहे, लेकराला भुताचा ड्रेस मागितलाय. पाठवू का?

सिडकोची_आई (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना जय ख्रिस्त.

माझा मुलगा सीनियर केजीला आहे. यंदा दिवाळी लवकर झाली, शाळा उघडली आणि लगेच ग्रुपवर मेसेज आला: ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन पार्टी, मुलांना भूत, चेटकीण, हाडांचा सापळा असा ड्रेस घालून पाठवा, वाटायला चॉकलेट द्या.

घरात एकमत नाही. मिस्टर म्हणतात लेकरू आहे, जाऊ दे. सासूबाई पैठणकडच्या, मंडळीत महिला संघाचं काम बघतात. त्यांनी साफ सांगितलं, भुताचे कपडे या घरात येणार नाहीत. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, सैतानाचा सण आहे, आणि विषय तिथंच संपला. मला नुसतं ‘नाही’ नको, कारण हवंय. पोरगं रोज विचारतंय, मम्मी माझा ड्रेस कधी आणायचा.

अजून एक. वर्गात ख्रिस्ती तो एकटाच. बाकीच्या आयांना वाटतं हॅलोवीन हा आमचाच सण आहे. एकीनं तर मला आतापासूनच शुभेच्छा पाठवल्या. तिला काय उत्तर द्यावं तेही कळेना.

लातूरकर_पुण्यात

ताई, एवढं मनावर घेऊ नका. आमच्या ऑफिसात दरवर्षी असतं. कागदी वटवाघळं, एक भोपळा, केक, फोटो, झालं. कुणी सैतानाची पूजा करत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाचा. कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे दिवस सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. नाताळचं झाड तरी शास्त्रात कुठं आहे? आपण लावतोच ना. लेकराला वर्गात एकटं पाडू नका, एवढंच सांगतो.

नांदेडचा_विश्वासू

बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय १८, वचनं १० ते १२. चेटूक, मंत्रतंत्र, भुतांना विचारणं, मेलेल्यांशी बोलणं, या सगळ्याचा परमेश्वराला वीट आहे. शौल राजा मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी लढाईत पडला. खेळ म्हणून केलं तरी ते अंधाराचंच काम. मुलाला त्या दिवशी घरी ठेवा, उपास-प्रार्थना करा.

जालन्याची_सिस्टर

बाई, जय ख्रिस्त. मी जालन्याची. सरकारी नोकरीत एएनएम म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होते, आता निवृत्त. भोकरदन, घनसावंगी, मंठा तालुक्यांतली गावं एसटीनं आणि पायी फिरलेय. त्यामुळं माझं उत्तर जरा लांब होईल, आणि ते थेट शास्त्रातून सुरू होणार नाही.

आधी ‘सैतानाचा सण’ याबद्दल. तसं म्हणणं बरोबर नाही. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. विश्वासासाठी जीव दिलेल्यांची आठवण मंडळी फार जुन्या काळापासून ठेवत आली. रोममध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या देवांचं म्हणून बांधलेलं पँथिऑन मरिया आणि रक्तसाक्षींना अर्पण झालं, तेव्हा तो दिवस मे महिन्यातला होता. पुढं आठव्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी यांनी सर्व संतांच्या नावानं प्रार्थनामंदिर अर्पण केलं, काहींच्या मते ते १ नोव्हेंबरला, आणि ८३५ च्या सुमारास फ्रँक राज्यात सगळीकडे हीच तारीख ठरली. तिची आदली संध्याकाळ म्हणजे ३१ ऑक्टोबर, हॅलोवीन. आयर्लंडमध्ये त्याच सुमाराला सुगी संपून हिवाळा लागण्याचा साविन नावाचा जुना सण होता. त्यावरूनच पोपनं तारीख घेतली असं छातीठोक सांगितलं जातं, पण इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. दोन्ही गोष्टी लोकांच्या घरात एकमेकींत मिसळल्या हे मात्र खरं. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर आयरिश लोक लोंढ्यानं अमेरिकेत गेले, तिथं मोठे भोपळे मिळाले. विकतचे ड्रेस, चॉकलेट आणि दुकानांचा बाजार हे तर अगदी अलीकडचं, अमेरिकेतलं.

आणि आपण प्रॉटेस्टंट असू तर ३१ ऑक्टोबर आपल्याला दुसऱ्याच कारणानं ठाऊक पाहिजे. १५१७ साली याच दिवशी मार्टिन ल्यूथरनं जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये आपले ९५ मुद्दे मांडले, आणि तिथूनच प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण होता, आणि तिथलं किल्ल्यातलं चर्चही सर्व संतांच्याच नावाचं. आपल्या किती मंडळ्यांत हे संडे स्कूलला शिकवतात?

म्हणजे तारखेत विटाळ नाही. तरीही बाई, लेकराला भुताच्या किंवा चेटकिणीच्या वेशात पाठवू नका, असंच मी सांगेन. माझं कारण आयर्लंडमधलं नाही, इथलं आहे.

एका गावात गरोदर बाईला झटके आले. दात खिळले, डोळे पांढरे झाले. पोटुशी बाईचा रक्तदाब वाढला की असं होतं. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देऊन तिला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवायचं असतं. घरचे मला म्हणाले, “सिस्टर, हे दवाखान्याचं काम न्हाई, बाहेरचं हाय.” देवरशाकडे नेलं. मिरचीची धुरी दिली. शेवटी दवाखान्यात आली तेव्हा बाई वाचली, पोटातलं लेकरू गेलं. मग गावानं दोषी शोधली, शेजारची एक विधवा म्हातारी. तिला करणी येते, तिची नजर लागली. हापशावर तिला पाणी भरू देईनात. तिच्या घरापुढून लेकरं पळत जायची आणि ओरडायची.

मराठवाड्यात चेटकीण म्हणतात ती ही. टोकदार टोपी आणि झाडूवाली नाही. कपाळ मोकळं, घरात पुरुष नाही, नावावर थोडी जमीन, जिच्यावर भावकीचा डोळा. भानामती, मुंजा, हडळ ही नावं आपल्याकडे गोष्टीतली नाहीत, त्यांच्यापायी माणसं मार खातात. उगीच नाही २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं, सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलंय. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाला.

ज्या जिल्ह्यात हे घडतं तिथं माझं नातवंड चेटकिणीची टोपी घालून हसत फिरावं, हे मला जमणार नाही.

लातूरच्या भावा, तुझं वचन बरोबर आहे, पण त्याच अध्यायात पुढं वाच. आपल्या भावाच्या वाटेत ठेच लागेल असं काही ठेवायचं नाही, असं ते पत्र लिहिणारा पौल तिथंच म्हणतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात हाच प्रश्न आहे. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का? ज्याला कळलंय त्याला त्या मांसात काही नाही. पण ज्याच्या मनातून जुनी भीती अजून गेली नाही, तो तुला बघून पुन्हा त्या भीतीत पडला तर? पौल म्हणतो, मग मी कधीच मांस खाणार नाही. तुझ्या ऑफिसातल्या कुणाला भुताची भीती नसेल, मान्य. पण शाळेत लेकरांना ने-आण करणारी जी मावशी असते, तिच्या घरी कदाचित गेल्या अमावास्येलाच नारळ-लिंबाचा उतारा टाकलेला असेल. तिला त्या सापळ्यांची गंमत वाटणार नाही. आणि पाच वर्षांच्या लेकराला तरी कुठं कळतं, खेळ कुठं संपतो आणि खरं कुठं सुरू होतं?

माझी आजी बेथेलची. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेली ख्रिस्ती वस्ती ती. आजी सुईणपण करायची. रात्री-अपरात्री कंदील घेऊन एकटी जायची. बाया विचारायच्या, वाटेत वडाखाली मुंजा आहे, तुला धरत नाही का? ती म्हणायची, माझ्या पुढं चालणारा त्याच्यापेक्षा मोठा आहे. आमच्या घरात ख्रिस्तानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ही भीती घालवली. जालन्याचं मिशन स्कॉटिश चर्चचं. त्या लोकांच्या मुलुखात हॅलोवीन होतं, पण आजीच्या तोंडून त्याचं नावही मी कधी ऐकलं नाही. तिच्या तोंडी होती ती शाळा, दवाखाना आणि गीतं.

नांदेडच्या भावा, अनुवादातलं वचन मलाही मान्य आहे. पण एक सांगते, राग मानू नका. आपल्याच काही प्रार्थनासभांत प्रत्येक तापात, प्रत्येक फिटमध्ये भूत दिसायला लागलंय. एका पोरीच्या फिटच्या गोळ्या ‘विश्वास ठेवा’ म्हणून बंद करायला लावलेल्या मी बघितल्या आहेत. मंडळीतल्या माणसांनीच केलं होतं ते. शाळेतल्या कागदी भुतापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. प्रार्थनाही करा आणि गोळीही द्या. देवाला दोन्ही चालतं.

वैजापूर_कॅथोलिक

सिस्टरांनी लिहिलं त्यात आमच्याकडची भर घालतो. आमच्या गावाकडं ३१ तारखेला काही नसतं, पण १ आणि २ नोव्हेंबर मोठे. १ ला सर्व संतांचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. २ ला मृतांची आठवण. ही प्रथा क्लूनीच्या मठाचे ओदिलो यांनी सन १००० च्या आगेमागे आपल्या मठांत सुरू केली, तिथून सगळीकडं गेली. २ तारखेच्या आधी आम्ही पोरं-बाप्ये मिळून कबरस्थानातलं गवत काढतो, क्रुसांना चुना लावतो. संध्याकाळी प्रत्येक कबरीवर झेंडू आणि मेणबत्ती, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. लेकरं सोबत असतात, कुणी घाबरत नाही. आजोबा इथं आहेत, पणजी तिथं आहे, हे त्यांना दाखवतो.

इंग्लंडमध्ये पूर्वी गरीब लोक या दिवसांत दारोदार जात, घरची माणसं त्यांना छोटे केक देत आणि ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. चॉकलेट मागायची रीत त्या जातकुळीतली. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर तुमचं आमचं जुळणार नाही, ते राहू द्या. पण कबरीवर फुलं ठेवायला तर कुणाची हरकत नसावी.

सिडकोची_आई

सिस्टर मावशी, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं, मिस्टरांनाही. ते गप्पच झाले. त्यांच्या आजोळी पण अशी एक म्हातारी होती म्हणे. आता ठरलं, भुताचा ड्रेस नाही. पण टीचरला काय सांगू? आणि लेकराला? ते रडणार.

जालन्याची_सिस्टर

टीचरशी भांडायला जाऊ नका आणि ग्रुपवर काही लिहू नका. प्रत्यक्ष भेटून सांगा: आमच्या घरी भूत-चेटकिणीचा खेळ करत नाहीत, पण मुलगा पार्टीला येईल, वेगळ्या वेशात, आणि सगळ्यांना चॉकलेट वाटेल. बहुतेक टीचर हो म्हणतात. त्या स्वतःही आईच असतात. नाहीच म्हटलं तर त्या दिवशी घरी ठेवा, बाकी वर्षभर शाळा आहेच.

लेकराला नुसतं नाही म्हणू नका, त्याच्या हातात काहीतरी द्या. मेंढपाळ दावीद करा. घरातली जुनी घोंगडी खांद्यावर, कमरेला दोरी, हातात काठी, एक कापडाची गोफण. सासूबाईंना शिवायला बसवा, त्यांचाही राग जाईल. दावीदानं गोफणीनं पाडलेल्या धिप्पाड गल्याथाची गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे वर्गात कुणी विचारलं की तू कोण, तर तो स्वतः सांगेल. पाच वर्षांच्या पोराला राक्षसाला न भिणारा पोरगा व्हायला आवडतंच.

ज्या ताईंनी शुभेच्छा पाठवल्या त्यांना तोडून बोलू नका. त्यांनी प्रेमानं पाठवलंय, चुकीचं कुणी सांगितलंच नाही त्यांना. लिहा की आमचा सण दुसऱ्या दिवशी, १ तारखेला असतो, विश्वासात गेलेल्या माणसांची आठवण म्हणून. आणि नाताळला लेकरासकट घरी फराळाला बोलवा.

वैजापूरच्या भाऊंचं मला पटलं. आम्ही प्रॉटेस्टंट कबरस्थानात ईस्टरच्या पहाटे जातो आणि मग वर्षभर फिरकत नाही. बाई, तुमच्या सासऱ्यांची कबर पैठणकडं असेल तर १-२ तारखेच्या जवळच्या रविवारी लेकराला घेऊन जा. जाताना विळा न्या, पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, आणि साप असतात, म्हणून लेकराला आधी आत सोडू नका.