उचगाव गेलं कुठे?

2008 च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीला (बेळगावचा मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी संघटना) एकही जागा मिळाली नाही ती फक्त समितीतल्या दुहीमुळे, असं म्हटलं जातं. दुहीनं नुकसान केलंच, पण त्याच निवडणुकीआधी मतदारसंघांची हद्दच बदलली होती, ती गोष्ट या चर्चेत कुठेच येत नाही. 2001 च्या जनगणनेवरून झालेल्या पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे जुने मतदारसंघ नकाशावरून पुसले गेले आणि बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण असे तीन आले. उचगाव, हिंडलगा हा मराठी पट्टा हिरेबागेवाडीसोबत ग्रामीणमध्ये बसला. येळ्ळूर दक्षिणेत गेलं. आणि कडोली, जिथे मराठी साहित्य संमेलनं भरतात, ते तालुका बेळगाव असूनही यमकनमर्डीत, अनुसूचित जमातींसाठी राखीव जागेत! सलग वस्तीची मतं अशी वाटली गेली.

लोकसभेला तर फाटाफूट आणखी मोठी: यमकनमर्डी चिक्कोडीत, खानापूर थेट उत्तर कन्नडमध्ये, उरलेले बेळगावात. म्हणून 2004 चे उचगावचे आकडे 2008 च्या ग्रामीणशेजारी ठेवून 'मतं घटली' म्हणणं चूक आहे, मतदारच वेगळे आहेत. तुलना करायचीच तर मतदान केंद्रनिहाय निकाल घ्या, पुनर्रचनेच्या आदेशातून गावं जुळवा, मग बेरीज करा. 2013 ला दक्षिण आणि खानापूर समितीनं जिंकले ते याच नव्या हद्दींत, हेही त्या हिशेबात धरायला हवं.