डॉक्टरचा अहंकार आणि डोना

प्रश्न (दादर) :
काळातून प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका ‘डॉक्टर हू’, तिचा २००८ चा हंगाम रोज लोकलमध्ये पुन्हा पाहत आहे. काळाचे नियम फक्त आपल्यालाच कळतात, हा दहाव्या डॉक्टरचा (तो रूप बदलत राहतो, हे त्याचे दहावे रूप) तोरा यंदा फारच खटकला. डोनासारखी फटकळ सहप्रवासी त्याला आवरण्यासाठीच आणली असावी का?

उत्तर (मुलुंड) :
मला तरी तसेच वाटते. पॉम्पेई या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरावरच्या भागात ज्वालामुखीचा स्फोट घडवणाऱ्या तरफेवर त्याच्या हातांवर ती आपले हात ठेवते आणि सगळे शहर वाचत नसेल तर निदान एकाला तरी वाचव, अशी रडून विनवणी करते. तेव्हा कुठे तो मागे फिरून एका कुटुंबाला हात देतो.

उत्तर (गिरगाव) :
‘आवरणारी’ हा शब्द मला पटत नाही, कारण त्यामुळे ती केवळ त्याच्या स्वभावावरचा उतारा ठरते. रोझ आणि मार्था या त्याच्या आधीच्या सहप्रवासी त्याच्यावर भाळल्या होत्या. डोना मुळीच भाळत नाही, म्हणून ती बरोबरीने भांडू शकते.

उत्तर (मुलुंड) :
मान्य, पण २००९ च्या मंगळावरच्या भागात सोबतीला कोणी नसताना तो मंगळतळाची प्रमुख ॲडेलेड हिला इतिहासात ठरलेल्या मृत्यूतून ओढून पृथ्वीवर आणतो, विजयाच्या गोष्टी करतो, आणि ती घरात शिरून स्वतःवर गोळी झाडते. बाहेर बर्फात उभ्या असलेल्या त्याचा चेहरा तेवढा पाहा.