थंडीआधी बागेतला पाइप काढलात का? अनुभव सांगा

मेघना_जर्सी
काल गराजमध्ये हिरव्या पाइपाचं वेटोळं उचललं आणि बाहीत गार पाणी ओघळलं. एकदम न्यू जर्सीतल्या घराचा पहिला हिवाळा आठवला. पुण्यात नळाला लावलेला पाइप बाराही महिने तसाच असायचा, इथेही तसाच राहिला. थंडीभर काही झालं नाही. एप्रिलमध्ये आई आली होती. मेथीच्या वाफ्याला पाणी घालायला तिनं नळ सोडला आणि खाली बेसमेंटमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज! भिंत भिजली, कार्पेट भिजलं, कोपऱ्यातल्या खोक्यात लग्नाचा अल्बम होता तोही. आई बिचारी दोन दिवस "माझ्या हातून झालं" म्हणत होती.

प्लंबरनं कापलेला तुकडा हातात दिला. तांब्याच्या नळीला नखाएवढी चीर, कडा बाहेर उमललेल्या. नळ फ्रॉस्ट-फ्री होता. त्याची झडप भिंतीच्या आत फूटभर, घराच्या उबेत असते आणि नळ बंद केला की पुढचं पाणी ओघळून जातं. पण तोंडाला भरलेला पाइप असेल तर ते जाणार कुठे? पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. चीर झडपेच्या पुढे, म्हणून नळ उघडेपर्यंत थेंबही दिसला नाही.

तुमच्याकडे काय झालं? लिहा.

सुहास४२
अल्बमचं वाचून वाईट वाटलं. फोटो वाचले का?

ह्यूस्टनकर
फेब्रु. २०२१ चं बर्फाचं वादळ. एवढं म्हटलं तरी टेक्सासवाल्यांना कळेल. वीज गेलेली, आमच्याकडे पाण्याच्या नळ्या माळ्यावरून जातात. बाहेरचा पाइप काढला होता, नळाला जुना टॉवेल गुंडाळला होता. फुटलं ते माळ्यावर. बेडरूमचं छत पलंगावर आलं. मुलं हॉलमध्ये झोपली होती म्हणून वाचली. नंतर पाणीही बंद, फ्लशसाठी बादलीत बर्फ वितळवला. शेजारच्या काकूंनी गॅसवर खिचडी करून दिली, ती चव विसरणार नाही.

मेघना_जर्सी
@ह्यूस्टनकर बापरे. मुलं सुखरूप, हेच मोठं.
@सुहास४२ अर्धे वाचले. सप्तपदीचे सगळे चिकटले.

फौजी_सातारा
लेहला होतो. टँकरचा होज रिकामा न करता ठेवला तर सकाळी लाकूड. वाकवला की तडा. पाणी संपलं की आधी होज, मग चहा.

अनघा_टोरांटो
रिकामा नक्की कसा करायचा? मी दोन वर्षं नुसता गुंडाळून ठेवतेय, आत पाणी राहतंच.

फौजी_सातारा
@अनघा ताई, गुंडाळायच्या आधी करा. नळाकडचं टोक सोडवा, पाइप खांद्यावर घ्या आणि हाताखालून पुढे सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. पाणी पुढे पुढे ढकललं जातं. उतार असेल तर आणखी सोपं. पुढची तोटी काढून ठेवा, तिच्यातही पाणी अडतं.

अनघा_टोरांटो
धन्यवाद दादा! आमचं घर जुनं, नळ साधा. बेसमेंटमधला व्हॉल्व्ह बंद करते आणि बाहेरचा नळ उघडाच ठेवते. त्या व्हॉल्व्हला बाजूला एक छोटं टोपण असतं, ते सैल केलं की उरलेलं पाणी बादलीत पडतं. हे घरमालकिणीनं दाखवलं होतं, नाहीतर कोण सांगणार.

निफाडचा_शेतकरी
आमच्याकडे पाइप फुटायची भीती नाही, द्राक्षाचे मणी तडकतात. पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या, बोअरचं पाणी सोडायचं. ते पाणी कोमट असतं. पाइप रिकामे करायचे म्हणता, आम्ही नेमके तेव्हाच भरतो.

सुहास४२
@निफाडचा यंदा भाव काय?

निफाडचा_शेतकरी
अजून मण्यात पाणी उतरायचंय, म्हणजे गोडी भरायचीय. मग बोलू.

रेवा_मिनेसोटा
स्वयंपाक करता करता लिहितेय. लॉनच्या स्प्रिंकलरचं विसरू नका, जमिनीखालच्या नळ्या कंप्रेसरनं फुंकून घ्याव्या लागतात. आम्ही ऑक्टोबरमध्येच माणूस बोलावतो. आणि मेघना, मेथी बाहेर कधी पेरतेस? माझी दरवेळी फुलावर जाते.

मेघना_जर्सी
एप्रिलच्या शेवटी, ऊन चढायच्या आत. बी आईच पाठवते.