कापड कापायचं की बेतायचं?

शिवणवर्गासाठी एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करते आहे. ‘आता कापड कापा’ असं लिहिलं होतं. आईनं वाचून हटकलं, ‘कापड कापत नाहीत गं, बेततात. माप घेऊन, खडूनं आखून मग कात्री लावायची, ते बेतणं.’ पटलं. पण पुढच्याच पानावर तोच ‘कट’ नाम होऊन येतो: कापड साधं असलं तरी ब्लाउजचा ‘कट’ चांगला हवा. तिथे काय लिहू? ‘बेतणी’ विशीतल्या मुलींना कळेल?

गिरगावकर: बेतणीच लिहा, ताई. आपण भाजी चिरतो, सुपारी कातरतो, फांदी छाटतो, शेंडे खुडतो, नखं काढतो. सगळीकडे एकच ‘कट’ फिरवला तर हाताची हालचालच भाषेतून जाते.

परळकर: दादा, गिरणगावात ‘कट’ मराठीच होता. माझे वडील कटलुकर. मागावरून उतरलेलं ठरावीक लांबीचं कापड म्हणजे कट. त्यातला डाग, तुटका धागा हेरायचा तो कटलुकर. शब्द इंग्लंडातल्या लँकशायरच्या गिरण्यांतला, पण चाळीत कुणालाही तो परका वाटला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, वडिलांचं गिरणीतलं खातं पुन्हा उघडलं नाही. आता हा शब्द मी घरातच ऐकतो, आईच्या तोंडून.

मुलुंडकर: मुळात ‘कट’ आपलाच. संस्कृत कृत् म्हणजे कापणे, त्यावरून कर्तरी, कात्री. इंग्रजांनी इथूनच नेला.

शीवकर: कात्री कर्तरीवरून आली, हे बरोबर, काका. पण इंग्रजीत ‘कट’ १३०० च्या सुमारास दिसतो, बहुधा नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेकडून आलेला. त्याआधी त्यांचं काम ‘कार्व्ह’च्या जुन्या रूपावर चालायचं. मुंबई इंग्रजांना मिळाली १६६१ च्या तहात. नुसत्या आवाजावरून नातं जोडलं तर मिसळीचा कट आणि रचलेला कट भाऊ ठरतील.

मुलुंडकर: मूळ धातू त्याहून जुना असू शकतो. मी माझं म्हणणं सोडत नाही.

गिरगावकर: २०२४ च्या जूनमध्ये महापालिकेनं १० टक्के पाणीकपात लावली. ‘कपात’ सगळ्यांना कळलं ना? मग बेतणीही कळेल.

परळकर: आमच्या इमारतीच्या फळ्यावर ‘उद्या पाणी कट’ लिहिलं होतं. तेही सगळ्यांना कळलं.

दादरकर: लाइटचं बघा. आपोआप गेली तर ‘लाइट गेली’, बिल थकलं म्हणून तोडली तर ‘लाइट कापली’. ‘कट’ म्हटलं की हा फरक पुसला जातो.

तुमचं सगळ्यांचं वाचून मी नाक्यावरच्या टेलरना विचारून आले. म्हणाले, ‘आम्ही बेततोच. पण गिऱ्हाईक म्हणतं, कटिंग छान झालंय.’ म्हणजे ‘कटिंग’ लिहू?

शीवकर: ‘कटिंग’ वाचून आधी चहा आठवेल. एक चहा दोघांत वाटायचा, तो कटिंग.

परळकर: वाटायचा कशाला? वडील एकटेच जायचे, तरी कटिंगच मागायचे. अर्धा ग्लास, बस्स.