घरच्या मिग वेल्डिंग मशीनला गॅस कोणता घ्यावा? आणि भंगारातला सिलिंडर चालेल का?

तासगावचा बागायतदार

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. बागेचे अँगल, ब्लोअरची फ्रेम, गोठ्याचं गेट अशी घरची कामं मी सहा-सात वर्षं रॉडच्या मशीनवर करतोय. दिवाळीत २०० अँपिअरचं सिंगल फेज मिग, म्हणजे गनमधून वायर आपोआप पुढे येणारं मशीन, घेतलं. सध्या बिनगॅसची फ्लक्सवाली (आत मसाला भरलेली) वायर वापरतो. काम होतं, पण धूर फार होतो आणि प्रत्येक टाक्यावरचा मळ ठोकून काढावा लागतो. पातळ चौकोनी पाइपला तर भोकंच पडतात. म्हणून आता गॅसवर, म्हणजे टाक्याला हवा लागू न देणाऱ्या गॅसच्या झोतावर, जायचं ठरवलंय.

माल सगळा एमएस (साधं लोखंड, माइल्ड स्टील), २ ते ५ मिमी. वायर ०.८ ची घेणार आहे. एक जण म्हणतो साधा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घे, दुसरा म्हणतो आरगॉन मिक्सच घे, नाहीतर पस्तावशील. आणि एका भंगारवाल्याकडे आग विझवायच्या सीओटूचा जुना सिलिंडर स्वस्तात मिळतोय. तो भरून घेतला तर चालेल का?

कुपवाडचा फॅब्रिकेटर

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात मी स्वतः पैसे घालवलेत. तो सिलिंडर घेऊ नका.

एमआयडीसीत शेड टाकलं तेव्हा मीही असाच एक जुना सिलिंडर उचलला होता. वरून रंग मारलेला, दिसायला नवा. भरायला नेला तर प्लँटवरच्या माणसाने मानेवरचा रंग खरवडला आणि तारीख दाखवली. शेवटची टेस्ट होऊन नऊ वर्षं झाली होती. सीओटू काय नि आरगॉन काय, या सिलिंडरांची पाण्याच्या दाबाची टेस्ट दर ५ वर्षांनी व्हावीच लागते, त्याशिवाय भरायला परवानगी नाही. मी टेस्टला पाठवला, तर आतून गंज खाल्लेला निघाला. नापास झालेला सिलिंडर परत वापरात येऊ नये म्हणून निकामी करतात, तसा माझाही केला. सिलिंडर गेला, भाडं गेलं, टेस्टचे पैसे गेले. पण खरं सांगतो, तो माणूस कडक होता म्हणून मी आज लिहितोय.

आगीच्या सिलिंडरात आणखी एक भानगड असते. त्यात वॉल्व्हपासून तळापर्यंत नळी असते, कारण आगीवर द्रव सीओटूच मारायचा असतो. वेल्डिंगला वरचा वायू हवा. त्या नळीतून द्रव थेट दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये आला की रेग्युलेटर गोठतो, खराबही होतो.

आता गॅस. तुमच्या कामाला साधा सीओटू पुरे आहे. आमच्याकडे मिगला अजून निम्मे लोक ‘सीओटू वेल्डिंग’च म्हणतात, ते उगीच नाही. उसाच्या ट्रॉल्यांची चेसी आम्ही त्यावरच जोडतो. सीओटूने टाका खोल जातो, पण छर्रे जास्त उडतात. मिक्स म्हणजे साधारण ८० टक्के आरगॉन आणि २० टक्के सीओटू. त्याने आर्क (वायरीच्या टोकाची सलग ठिणगी) मऊ चालतो, छर्रे कमी, पातळ पत्र्याला सोपं जातं, बीड, म्हणजे टाक्याची रेघ, दिसायलाही देखणी. खिडकीचं ग्रिल करून विकणार असाल तर मिक्सचा विचार करा. गोठ्याच्या गेटाला नको. मात्र निव्वळ आरगॉन एमएसला वापरू नका. आर्क भरकटतो, कडेला खाच पडते. तो ॲल्युमिनियमसाठी.

घरच्या माणसाला सीओटूचा मोठा फायदा वेगळाच आहे. सीओटू सिलिंडरात द्रव होऊन बसतो, मिक्स वायूच राहतो. १० लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरात १५० बारने मिक्स भरलं तर साधारण १५०० लिटर गॅस मिळतो. तेवढ्याच सिलिंडरात सीओटू साडेसहा किलोच्या आसपास बसतो, आणि एका किलोचा ५०० लिटरच्या वर वायू होतो. म्हणजे दुपटीहून जास्त. मिनिटाला १० लिटर धरले तर पाच किलोत चार तासांच्या वर निव्वळ आर्क चालतो. माप घेणं, कापणं, टॅक (तात्पुरते टाके) मारणं यातच दिवस जातो, त्यामुळे तुम्हाला हे बरेच दिवस पुरेल.

डिपॉझिट भरून घ्या किंवा स्वतःचा घ्या, पण ज्याच्याकडे भरणार त्याच्याकडूनच घ्या, आणि पावती सांभाळा. मानेवरचा नंबर, रिकामं वजन आणि टेस्टची तारीख स्वतः वाचा.

सातारची वेल्डर

कुपवाडच्या दादांनी सिलिंडरचं सगळं सांगितलंच आहे. मी वाऱ्याचं सांगते. आमचं दुकान रस्त्याकडेला आहे, शटर उघडं. इकडचा वारा माहीत असेलच, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या. सुरुवातीला माझ्या बीडला वरून अनारशासारखी जाळी पडायची. ग्राइंडर मारला की आतही भोकं. मला वाटलं गॅस कमी पडतोय, म्हणून १० वरून २० लिटरवर नेला. जाळी तशीच! जास्त फ्लो दिला की नोझलशी गॅस भोवरा घेतो आणि बाहेरची हवा उलट आत ओढतो. शेवटी वाऱ्याच्या बाजूला जुना पत्रा आडवा लावला आणि फ्लो १२ वर आणला. त्या दिवसापासून बीड स्वच्छ.

दादा, तुम्ही बागेत उघड्यावर काम करत असाल तर ती फ्लक्सवाली वायर टाकून देऊ नका. वाऱ्यात तीच साथ देते.

शेडचं दार-खिडकी मात्र उघडी ठेवा. सीओटू हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि आर्कमध्ये त्यातून थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. वारा अडवायचा तो जॉबजवळ, खोली बंद करून नाही.

तासगावचा बागायतदार

दोघांचेही मनापासून आभार. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. अजून दोन शंका. किती गॅस उरला ते रेग्युलेटरवरच्या दाबाच्या घड्याळावर कळतं का? आणि रेग्युलेटरला हीटर लागतोच का?

कुपवाडचा फॅब्रिकेटर

सीओटूचं घड्याळ फसवतं. आत द्रव शिल्लक आहे तोवर काटा जवळजवळ तिथेच राहतो, फक्त उन्हाथंडीने हलतो. द्रव संपला की मग भराभर खाली येतो. तुमच्याकडे बेदाण्याचे बॉक्स मोजायचा काटा असेलच. सिलिंडर त्यावर ठेवा, मानेवरचं रिकामं वजन वजा करा, उरला तो गॅस.

छोट्या टाक्यांना हीटरवाचून चालतं. लांब बीड सलग मारत गेलात की रेग्युलेटरवर दंव धरतं आणि फ्लो मधेच तुटतो, तेव्हा लागतो. घेताना व्होल्टेज बघा. मोठ्या मशीनच्या मागे बऱ्याचदा ३६ व्होल्टचा सॉकेट असतो, त्यावरचा हीटर घरच्या २३० च्या पिनेत घातलात तर जळेल. आरगॉनचा रेग्युलेटर सीओटूला बसवायचा खटाटोप करू नका, आटे वेगळे असतात.

सिलिंडर उभाच ठेवा, साखळीने बांधा. आणि पत्र्याखाली उन्हात नको. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात ठेवा.

तासगावचा बागायतदार

काल पाच किलोचा सिलिंडर आणला, तारीख वाचूनच. पण आज पहिल्या बीडला नुसते छर्रे. टाका वर गोळा होऊन बसतो, खाली धरतच नाही. पत्रा आडवा लावलाय, फ्लो १२ आहे.

सातारची वेल्डर

मशीनच्या आतली पट्टी बदलली का? बिनगॅसच्या वायरीला गन निगेटिव्हवर असते. गॅसवर साधी वायर लावली की गन पॉझिटिव्हवर आणि अर्थची केबल निगेटिव्हवर घ्यावी लागते. मशीन बंद करून बदला.

तासगावचा बागायतदार

ताई, तेच होतं! बदललं आणि आवाजच पालटला, गरम तेलात मोहरी टाकावी तसा सलग तडतडाट. २ मिमीच्या पाइपला एकही भोक नाही. उद्या गोठ्याचं गेट घेतो.